चित्र काढता येत नाही, पण कॉमिक्स लिहायचंय? नागपुरात बसून कसं सुरू करायचं ते सांगतो

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करू, कॉमिक्स लिहिणं आणि कॉमिक्स काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. मला हे दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, जास्त करून इंजिनिअरिंगची पोरं, की दादा स्टोऱ्या तर डोक्यात लय आहेत पण ड्रॉइंग येत नाही, मग काय करू. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आठवतो ना, आपल्या काकालोकांनी इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वाचलेला? तो १९३६ मध्ये ली फॉकने सुरू केला आणि १९९९ मध्ये फॉक वारला तोपर्यंत तोच लिहीत राहिला, तेवढ्या वर्षांत चित्रकार कितीतरी बदलले. ॲस्टेरिक्स १९५९ मध्ये आला, लिहिणारा गोसिनी आणि काढणारा उदेर्झो. १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू करणाऱ्या अनंत पैंचं शिक्षण केमिस्ट्री आणि केमिकल टेक्नॉलॉजीचं होतं. म्हणजे ड्रॉइंग येत नाही ही अडचणच नाहीये. अडचण ही आहे की कॉमिक्सचं लिखाण असतं कसं हे आपल्याकडे कोणी दाखवतच नाही, छापलेलं कॉमिक्स दिसतं पण त्याच्या मागची स्क्रिप्ट कुठे दिसते?

तर स्क्रिप्ट म्हणजे तुमच्या आर्टिस्टला लिहिलेली चिठ्ठी. वाचक ती कधीच वाचणार नाही, तो फक्त संवादाच्या फुग्यातलं वाचणार आणि चित्र बघणार. त्यामुळे "त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं" असं लिहिलंत तर आर्टिस्ट बिचारी काय काढणार, काहूर काढता येत नाही, पण चहाचा कप तोंडाशी नेऊन तसाच थांबलेला माणूस काढता येतो. मी पहिली दोन वर्षं कथा लिहायचो आणि तिलाच स्क्रिप्ट म्हणायचो. सुटायला वेळ लागतो ही सवय, विशेषतः ज्यांना शाळेत निबंधाला चांगले मार्क पडायचे त्यांना.

सवय लावायचा सगळ्यात स्वस्त उपाय सांगतो. सीताबर्डीवर जुनी पुस्तकं मिळतात तिथून कोणतंही एक जुनं कॉमिक्स आणा, हिंदी मराठी इंग्रजी काहीही चालेल, आणि त्यातली चार पानं उलटी लिहून काढा. म्हणजे चित्र बघायचं आणि या चित्रासाठी लेखकाने काय लिहिलं असेल ते वहीत उतरवायचं, पॅनल नंबर टाकून, पॅनल म्हणजे पानावरची एक चौकट. पानावर किती पॅनल आहेत, एका फुग्यात किती शब्द आहेत, कोणत्या पॅनलमध्ये कोणीच बोलत नाहीये हे मोजा. मोजाच खरंच, नुसतं बघून होत नाही. साधारण पाच-सहा पॅनलचं पान असतं हे तुम्हाला आपोआप कळेल, आणि ज्या पानावर एकच मोठं चित्र आहे ते त्याच जागी का आहे हेही कळायला लागेल. अशी चार कॉमिक्स केलीत की कोर्सची गरज पडणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक पान प्रत्यक्ष दाखवतो. तान्हा पोळा आपल्याकडचा, लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घेतात हे नागपूरवाल्याला सांगायला नको. त्यावर मी चार पानांची एक गोष्ट लिहिली होती, तिचं पहिलं पान पहिल्यांदा असं सुरू केलेलं: "पॅनल १. गोलू झोपेतून उठतो, बैल सजवतो, त्याचं चाक तुटतं आणि तो रडत रडत आजीकडे जातो." एका चौकटीत चार गोष्टी. चित्र म्हणजे एक क्षण, त्यात माणूस उठणार, सजवणार आणि रडणार कसा? शेवटी जे पान झालं ते असं:

पान १, एकूण पॅनल ५.

पॅनल १. मोठं, पानाचा वरचा अर्धा भाग. नागपूरच्या महाल भागातली अरुंद गल्ली, संध्याकाळ. पंधरा-वीस पोरं आपापले लाकडी बैल दोरीने ओढत चालली आहेत, बैलांवर झुली, गळ्यात माळा. सगळ्यात मागे गोलू, वय ८. त्याने बैल ओढलेला नाही, छातीशी धरलाय. संवाद नाही.

पॅनल २. जवळून. बैलाच्या पायाखालची चाकं. तीन आहेत, चौथ्याच्या जागी नुसता खिळा. संवाद नाही.

पॅनल ३. दारात आजी, हातात ओवाळणीचं ताट, थोडी वाकलेली. गोलू उंबऱ्याच्या बाहेर, बैल अजून छातीशी.
आजी: काऊन रे, तुहा बैल चालत नाही का?

पॅनल ४. गोलूचा चेहरा, नजर खाली.
गोलू: थकला ना तो. लय दुरून आला.

पॅनल ५. आजीचे दोन हात फक्त. एका हाताने ती गोलूच्या मुठीत दहाची नोट ठेवतेय, दुसऱ्या हाताने दुसरी नोट बैलाच्या झुलीखाली खोचतेय.
आजी: हा तुहा बोजारा. अन हा त्याच्या दवापाण्याचा.

पाचव्या पॅनलवर मी अडलो होतो. मी लिहिलं होतं, "आजी आधी गोलूला पैसे देते आणि मग बैलाला." आर्टिस्टचा फोन आला, तेव्हा ती चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती, म्हणाली, सर, आधी काढू का मग काढू? मी पाच मिनिटं गप्प बसलो. मग तिनेच सुचवलं की दोन हात दाखवू, चेहरा नकोच. ते पॅनल तिचं आहे आणि पूर्ण गोष्टीत तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून मी स्क्रिप्टमध्ये "आणि मग" आलं की तिथे पेन्सिलने गोल करतो, कारण "आणि मग" म्हणजे तिथे दोन पॅनल आहेत किंवा मी अजून ठरवलेलंच नाही कोणता क्षण हवाय. चाक तुटलंय हे कोणीही तोंडाने बोलत नाही हेही बघा. चित्रात दिसलं ते फुग्यात परत लिहायचं नाही. गोलूने "माझ्या बैलाचं चाक तुटलं आजी" म्हटलं असतं तर त्याचा सगळा अभिमान तिथेच संपला असता ना.

भाषेबद्दल पण बोलूनच घेऊ कारण मला हे फार जवळचं आहे. "काऊन रे" च्या जागी "का रे बाळा, तुझा बैल का चालत नाही?" केलं की ती आजी महालातली राहत नाही, कुठलीही होते. आपल्या बोलीला फुग्यात जागा द्या. पण सगळ्या पात्रांना सारखंच बोलायला लावू नका, नागपुरात एका चौकात वऱ्हाडी, हिंदी, शाळेतली प्रमाण मराठी आणि या सगळ्याची मिसळ ऐकू येते, तर पानठेल्यावरचा पोरगा वेगळा बोलेल आणि बँकेतला मॅनेजर वेगळा. दर फुग्यात एक-दोन शब्द बोलीचे असले तरी पुरतं, प्रत्येक शब्द वाकवला तर बाहेरचा वाचक अडखळतो. संपादक बदला म्हणाला तर एकदा नीट समजावून सांगा, मी तीनदा सांगितलंय, दोनदा ऐकलं. आवाजांचे शब्दपण आपलेच वापरा, धाडकन, खळ्ळ, चर्रर्र, सटाक, खुळखुळ, मराठीत याचा एवढा खजिना आहे आणि आपण बूम अन क्रॅश लिहून राहिलो.

आता हिशोबाच्या गोष्टी. इंग्रजीत साधारण नियम सांगतात की फुग्यात पंचविसेक शब्दांच्या वर जाऊ नका. मराठीत मी पंधरा-सोळावर थांबतो. कारण इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळं कॅपिटलमध्ये असतं, ओळी एकाखाली एक चिकटून बसतात, आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते, शिवाय आपले शब्दच लांब, "घरातल्यांसाठीसुद्धा" हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. फुगा मोठा झाला की चित्र झाकलं जातं आणि आर्टिस्टची दोन दिवसांची मेहनत तुमच्या एका वाक्याखाली जाते. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा, श्वास पुरला नाही तर वाक्य तोडा.

पानांचा आकडा चारच्या पटीत ठेवा, कारण मधोमध पिना मारलेल्या अंकात एक कागद दुमडला की चार पानं होतात. अमेरिकन मासिक कॉमिक्समध्ये गोष्ट वीस-बावीस पानांची असते, अमर चित्र कथेचा नेहमीचा अंक ३२ पानांचा. तुम्ही चार पानांपासून सुरू करा, मग आठ. दोनशे पानांच्या महागाथेचा पहिला भाग मला दाखवायला घेऊन येणारे बरेच भेटतात आणि दुसरा भाग घेऊन आलेला अजून एकही भेटलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण त्यातल्या काही कल्पना खरंच भारी होत्या.

पान उलटणं ही कॉमिक्समधली सगळ्यात मोठी ताकद आहे आणि नवीन लोक ती पूर्ण विसरतात. छापील अंकात उजव्या हाताला विषम नंबरचं पान असतं, डाव्या हाताला सम. वाचक ३ नंबरचं पान संपवतो, उलटतो, आणि ४ आणि ५ एकदमच समोर येतात. म्हणून दचकवायचं जे काय असेल ते ४ वर ठेवायचं. ५ वर ठेवलंत तर पान उलटताक्षणी डोळा तिकडे जातो आणि ४ वरची सगळी तयारी वाया. आणि ३ च्या शेवटच्या पॅनलमध्ये असं काहीतरी हवं की हात आपोआप पान उलटेल, दाराची कडी वाजली, कोणीतरी मागे वळून बघितलं, एवढं पुरे. हे जुळतंय का ते बघायला जुन्या डायरीची पानं दुमडून छोटं पुस्तक करा आणि त्यात काड्यांची माणसं काढून बघा, तेवढं ड्रॉइंग सगळ्यांना येतं. इन्स्टावर टाकणार असाल तर तिथे प्रत्येक स्वाइप म्हणजे पान उलटणं, एका पोस्टमध्ये २० स्लाइड बसतात, त्यामुळे चार पानांची गोष्ट एकेक-दोनदोन पॅनल करून आरामात जाते.

आर्टिस्ट कुठून आणायचा? आपल्याकडे चित्रकला महाविद्यालय आहे, त्यांचं वार्षिक प्रदर्शन लागतं तेव्हा जा, आणि मला विचाराल तर सुंदर पोर्ट्रेट काढणाऱ्यापेक्षा ज्याच्या चित्रातली माणसं काहीतरी करताना दिसतात त्याला शोधा. त्याला दोनशे पानं नाही, चार पानं द्या, लिहून पूर्ण झालेली. एका पानाला पेन्सिल, शाई, रंग धरून दोन-तीन दिवस सहज जातात, म्हणजे तुम्ही एका संध्याकाळी लिहिलेल्या चार पानांना त्याचे आठ ते बारा दिवस लागणार, हे डोक्यात ठेवून बोला. पैसे देऊ शकत असाल तर द्या, थोडे का होईना. नसतील तर जे मिळेल ते अर्धं-अर्धं असं कागदावर लिहा आणि दोघांची नावं कव्हरवर सारख्याच आकारात.

हा कागद खरंच करा, मित्र असला तरी करा. माझं काय झालं ते सांगतो. सुरुवातीला एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाने माझ्याकडून २४ पानांची स्क्रिप्ट मागवली, टेस्ट आहे म्हणाले, मी एवढा खुश की आईला पेढे आणायला लावले. नंतर सहा महिने उत्तर नाही, आणि वर्षभराने तीच गोष्ट पात्रांची नावं बदलून छापलेली दिसली, माझं नाव कुठेच नाही. माझ्याकडे दाखवायला कोणता करार नव्हता, अर्धं बोलणं फोनवर झालेलं. तेव्हा मी कायदा वाचला, तुम्ही आधीच वाचा. कॉपीराइट ॲक्ट १९५७ प्रमाणे तुम्ही लिहिलं की हक्क तुमचाच, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही, पण साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे आणि ऑनलाइन होतं, पुरावा म्हणून बरं पडतं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच लागतं, कलम १९. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी ही कृती माझी आहे असं सांगायचा अधिकार तुमच्याकडे राहतो. पण नोकरीवर असताना मालकासाठी लिहिलं तर वेगळा करार नसेल तोवर पहिला मालक तो असतो, त्यामुळे ॲनिमेशन स्टुडिओत किंवा एजन्सीत लागणाऱ्यांनी ऑफर लेटर नीट वाचून मगच सही करा. आणि "सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी" अशी ओळ आली की थांबा आणि विचारा की पिक्चर किंवा सिरियल झाली तर माझं काय.

कामं कुठे मिळतात? नुसत्या कॉमिक्सवर घर चालवणारा मराठी लेखक माझ्या ओळखीत नाही, मी स्वतः सकाळी दुसरं काम करतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण कामं आहेत. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, पेपरांच्या मुलांच्या पुरवण्या आहेत, दिवाळी अंक आहेत, ही परंपरा १९०९ च्या मनोरंजन मासिकापासूनची, त्यांना उन्हाळ्यातच विचारायचं, गणपतीनंतर विचारून उपयोग नाही कारण तोवर अंक लागलेला असतो. संस्था, शाळा, सरकारी खाती जनजागृतीसाठी चित्रकथा करून घेतात, आरोग्य, शेती, पाणी, आणि आपल्याकडे तर ताडोबा-पेंच हाकेच्या अंतरावर, वाघ शेतात आला तर काय करायचं हे गावच्या पोरांना चित्रकथेतून जितकं कळतं तितकं पत्रकातून कळत नाही. या कामात पैसे वेळेवर मिळतात आणि शिस्त लागते. कमी मानू नका, माझं सगळ्यात जास्त वाचलेलं लिखाण हे असंच १२ पानांचं आहे आणि त्यावर माझं नाव मागच्या कव्हरवर मुंगीएवढ्या अक्षरात आहे.

स्वतः छापायचं असेल तर आधी डिजिटल प्रिंटिंगवर पन्नास-शंभर प्रती काढा, ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच लागतो म्हणून तो जास्त प्रतींनाच परवडतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अक्षरांसाठी बालू आणि कलम हे फॉन्ट फुकट आहेत आणि फुग्यात छान दिसतात. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडीवाला पर्याय चालू केल्याशिवाय देवनागरी टाकू नका, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. आणि प्रेसला फाइल देताना फॉन्ट कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांचं चित्र करून द्या, हे लिहून घ्या. आमच्या पहिल्या १६ पानी अंकात कर्व्ह करायचं राहिलं, प्रेसच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तेव्हा सगळे "ऱ्या" तुटले, दुसऱ्या, साऱ्या, नवऱ्याला, सगळीकडे चौकोन. ३०० प्रती छापून झालेल्या. आम्ही दोघं तीन रात्री बसून काळ्या पेनाने एकेक "ऱ्या" हाताने दुरुस्त करत होतो, आर्टिस्टच्या घरच्यांनी दोन रात्री चहा केला आणि तिसऱ्या रात्री तिचे बाबा पण पेन घेऊन बसले. प्रूफची एक छापील प्रत हातात घेऊन पूर्ण वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही हे त्या दिवशी ठरलं.

पाठवायचं कसं ते शेवटचं. संपादकाला मेलमध्ये तुमची जीवनकथा नको, एक परिच्छेद गोष्टीचा, शेवटासकट, शेवट लपवून उत्सुकता वाढवायची नाही, त्याला निर्णय घ्यायचाय. सोबत पूर्ण झालेली चार पानं, एकाच पीडीएफमध्ये, आर्टिस्टच्या नावासकट, आणि पुढच्या चार पानांची नुसती स्क्रिप्ट. फाइलचं नाव "फायनल फायनल २" असं नको, गोष्टीचं नाव आणि तुमचं नाव. सहा आठवडे थांबा, मग एक ओळीची आठवण करा, त्यानंतरही काही आलं नाही तर दुसरीकडे पाठवा, आणि या सहा आठवड्यांत पुढच्या चार पानांची स्क्रिप्ट आर्टिस्टच्या हातात पडलेली असू द्या. मारबतीच्या मिरवणुकीवर कोणीतरी लिहा बाबांनो, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ते दोन मोठे पुतळे, समोरासमोर येतात तो क्षण दोन पानांचा आहे, डावं आणि उजवं मिळून एकच चित्र, ४ आणि ५ वर.